‘आपल्यात कागद कशाला?’

माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. प्रूफवर गिऱ्हाइकाची सही झाल्याशिवाय मी छपाई सुरू करत नाही. पत्रिकेत मामाचं नाव राहिलं तर जबाबदारी कोणाची, हे आधीच ठरलेलं बरं. पण सख्ख्या बहिणीच्या लग्नात मीच हा नियम विसरलो.

जेवणाचं काम मावसभावाला दिलं. त्याचा केटरिंगचा धंदा नवीन होता. म्हटलं, घरचा माणूस उभा राहील. फोनवरच ठरलं: ताट २८० रुपये, माणसं ४००च्या आसपास. ५० हजार ॲडव्हान्स दिला. लग्न छान झालं, जेवणाला कोणी नाव ठेवलं नाही.

चौथ्या दिवशी बिल आलं. ४८० ताटांचे १,३४,४०० रुपये, शिवाय वाढपी आणि पाण्याचे ९,००० वेगळे. आमच्या डोक्यात होते १,१२,०००. फरक ३१,४०० रुपयांचा!

ताटं कोणी मोजली होती? कोणीच नाही. वाढपी दरात धरलेत का, हे विचारलं होतं? तेही नाही. तो खोटं बोलत नव्हता, आम्हीही नाही. ‘आसपास’चा अर्थ दोघांनी आपापला लावला होता. बाबांनी फरकाची अर्धी रक्कम देऊन विषय मिटवला. पण मावशी पुढची दोन वर्षं आमच्या गणपतीला आली नाही.

आता गंमत बघा. आपल्याकडे लग्न ठरलं की याद्या होतात. हॉल कोणाचा, जेवण कोणाकडे, सगळं लिहून दोन्हीकडची वडीलधारी मंडळी सह्या करतात. व्याह्यांबरोबर कागद चालतो, मग मावसभावाबरोबर का नाही?

१८७२च्या भारतीय करार कायद्यात तोंडी करारही चालू शकतो. पण काय ठरलं होतं, हे सिद्ध कसं करणार? आणि नात्यात कोर्टात जातं कोण? हा कागद भांडायला नाही, आठवण राहावी म्हणून आहे.

केटरिंग, डेकोरेशन, मेंदी, फोटो, तुमचं काम कुठलंही असो, नात्यातली ऑर्डर घेताना एका पानावर एवढं लिहा आणि दोघांनी सह्या करा:

१. काम: दरात काय धरलंय, काय नाही. वाढपी, भांडी, पाणी, गाडीभाडं.

२. संख्या: कमीत कमी किती ताटांचे पैसे लागणारच, जास्तीच्या ताटाचा दर किती, मोजणार कोण. दोन्हीकडचा एकेक माणूस नेमा.

३. दर: आधी नेहमीचा दर, खाली घरची सूट, मग शेवटचा आकडा. न लिहिलेली सूट कोणाला दिसत नाही.

४. पैसे: किती, कधी, कोण देणार. मांडव उतरल्यावर मागणं जड जातं, म्हणून मोठा हप्ता आधी घ्या.

५. रद्द झालं तर: ॲडव्हान्सचं काय? लग्नसराईत ऐनवेळी सुटलेल्या मुहूर्ताला दुसरी ऑर्डर मिळणं कठीण.

६. बदल: व्हॉट्सॲपवर लिहायचा. समोरून ‘हो’ आल्याशिवाय पक्का धरायचा नाही.

‘आपल्यात कागद कशाला?’ असं कोणी म्हणालं, तर हसून सांगा, “काका, मी सगळ्यांचंच लिहून घेतो. तुमच्या कामात चूक नको.” यात ‘सगळ्यांचंच’ हा शब्द महत्त्वाचा. आणि तो खराही असू द्या.

मागच्या वर्षी मुलाच्या वाढदिवसाचं जेवण मी पुन्हा त्याच मावसभावाला दिलं. या वेळी कागद त्यानेच पुढे केला. ताटं ८५ झाली, दोघांनी मिळून मोजली, पैसे तिथेच दिले. मावशीही आली होती. तिचं ताट सगळ्यात पहिलं मोजलं.