दोन जिवांची, पण दुप्पट नव्हे

दिवस गेल्याचं कळलं की घरोघरी सल्ल्यांना ऊत येतो. त्यातले बरेचसे निरुपद्रवी असतात; काही मात्र आईला आणि बाळाला महागात पडतात.

गैरसमज : दोन जिवांची आहेस, दुप्पट खा.
वस्तुस्थिती : चौथ्या महिन्यापासून रोज साधारण 350 कॅलरी जास्त लागतात. एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि कपभर दूध एवढ्यात त्या भरून निघतात. खरी ओढ लागते ती प्रथिनं, लोह, कॅल्शियम आणि आयोडीनची. म्हणून भाताचा ढीग न वाढवता डाळ, अंडं, पालेभाजी वाढवावी.

गैरसमज : बेताने खाल्लं की बाळ लहान राहतं आणि बाळंतपण सोपं जातं.
वस्तुस्थिती : आईची उपासमार झाली तर बाळ अडीच किलोच्या आत भरण्याचा धोका वाढतो. अशा बाळांना जंतुसंसर्ग लवकर गाठतो. शेवटच्या तीन महिन्यांत बाळ झपाट्याने अंग धरतं; तेव्हाच ताट आखडणं सर्वांत घातक.

गैरसमज : लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं, केशराने गोरं.
वस्तुस्थिती : बाळाचा रंग आईवडिलांच्या जनुकांवर ठरतो. गोळीमुळे शौचाला काळी होते, कारण अंगी न लागलेलं लोह तसंच बाहेर पडतं. त्याचा बाळाच्या कातडीशी संबंध नाही. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52 टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशी ती 180 दिवस घ्यायची, बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. चहाबरोबर ती घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर चालते. कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने घ्यावी. लोहाच्या गोळीने मळमळत असेल तर ती रात्री जेवणानंतर घ्यावी.

गैरसमज : गूळ, बीट, पालक खाल्लं की गोळी कशाला?
वस्तुस्थिती : गरोदरपणी रोज 27 मिलिग्रॅम लोह लागतं. गुळाच्या खड्यातून त्यातलं नाममात्रच मिळतं, आणि पालकातलं बरंचसं लोह शरीराला शोषून घेता येत नाही. पालेभाजी जरूर खावी, पण ती गोळीची जागा घेत नाही.

गैरसमज : फॉलिक ॲसिड दवाखान्यात नाव घातल्यावर सुरू केलं तरी चालतं.
वस्तुस्थिती : बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया गर्भधारणेनंतर 28 दिवसांच्या आत घातला जातो. तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. मूल हवं असं ठरलं की तेव्हापासूनच रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करावं.

पुढच्या तपासणीला जाताना नवऱ्याला, सासूबाईंना बरोबर न्या. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर औषध वाढवायचं की बदलायचं, हे डॉक्टरांना विचारा. शेजारणीच्या सांगण्यावरून गोळी बंद करू नका.