एक घोडेस्वार, दोन घोडेस्वार

इंदूर येथील आमच्या शाखेत तयार कपड्यांच्या एका उत्पादकाचा कॅश क्रेडिटचा प्रस्ताव आला होता. हिशेब चोख, मालाला मागणीही भरपूर. गोदामाची पाहणी करताना मात्र शर्टांवरील लेबलाने माझे लक्ष वेधले. एका नामांकित ब्रँडच्या नावातील केवळ एक अक्षर बदललेले होते. "साहेब, नाव वेगळेच आहे की!" ते गृहस्थ म्हणाले. परंतु नाव किती वेगळे असले म्हणजे ते कायद्याने वेगळे ठरते?

'पोलो' या शब्दाचेच उदाहरण पाहू. अमेरिकेतील पोलो खेळाची नियामक संघटना 1890 सालची. राल्फ लॉरेन यांनी 'पोलो' हे नाव टायविक्रीसाठी घेतले ते 1967 मध्ये. खेळ संघटनेचा, तेव्हा नावही तिचेच, असे कोणासही वाटेल. तथापि कपड्यांच्या बाजारात ते नाव आणि घोडेस्वाराचे चिन्ह लॉरेन यांनी रुजविले होते. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने 1984 मध्ये संघटनेला गोंधळ निर्माण करणारी चिन्हे वापरण्यास मनाई केली. मात्र स्वतःच्या पूर्ण नावाने व वेगळ्या चिन्हाने माल विकण्याची मुभा ठेवली. पुढे संघटनेने एकाऐवजी दोन घोडेस्वार आणले. 2005 मध्ये ज्यूरीसमोर अशी चार चित्रे होती. त्यांपैकी अक्षरांविना, पूर्ण भरीव असलेले एकच चित्र आक्षेपार्ह ठरले. उरलेली तीन वैध! पण त्याच धर्तीचे चिन्ह अत्तरांवर वापरण्यास 2011 मध्ये न्यायालयाने मज्जाव केला, कारण अत्तरांच्या बाजारात लॉरेन यांचे 'पोलो' 1978 पासून प्रस्थापित होते. म्हणजे कापडावर जे चालले ते कुपीवर चालले नाही. आज आपल्याकडील दुकानांत हे दोन्ही ब्रँड दिसतात आणि पुष्कळ ग्राहक त्यांना एकच समजतात.

आपल्याकडे याबाबत व्यापारचिन्ह अधिनियम, 1999 लागू आहे; तो 15 सप्टेंबर 2003 रोजी अमलात आला. दोन चिन्हे शेजारी ठेवून भिंगातून पाहिली जात नाहीत. सामान्य ग्राहकाच्या मनात राहिलेल्या अपुऱ्या आठवणीमुळे त्याची फसगत होईल का, हे पाहिले जाते. स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्यास कलम 35 संरक्षण देते. मात्र त्यातील 'प्रामाणिकपणे' हा शब्द फार महत्त्वाचा. कलम 135 अन्वये न्यायालय मनाई हुकूम देऊ शकते, तसेच आक्षेपार्ह लेबले नष्ट करण्यासाठी ताब्यात देण्याचा आदेशही देऊ शकते.

बँकेचा संबंध येतो तो इथेच. नजरगहाण ठेवलेला माल गोदामात शाबूत असूनही विकता येत नसेल, तर त्या तारणाचे मूल्य काय धरावे? स्टॉक स्टेटमेंटमध्ये याचे उत्तर नसते.

त्या गृहस्थांना मी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घेण्यास सुचविले. त्यास शुल्क लागत नाही. कपडे 25 व्या वर्गात येतात. व्यक्ती किंवा लघुउद्योग यांना एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जास 4500 रुपये लागतात आणि नोंदणी 10 वर्षे टिकते. पुढे नूतनीकरण करता येते. आरंभी ते काहीसे नाराज झाले. नंतर स्वतःच दुसरे नाव निवडून आले. जुनी लेबले उसवून नवी शिवण्यात दीड महिना गेला आणि त्यानंतर प्रस्ताव मंजूर झाला.