एका दगडाची दोन नावे

काल्पनिक जगासाठी भाषा रचायची म्हणजे कानाला गोड लागणारे शब्द जमवायचे आणि त्यांवर थोडे व्याकरण चढवायचे, अशी समजूत असते. जे. आर. आर. टोल्किनने एल्फ लोकांसाठी रचलेले भाषाकुल जवळून पाहिले, की काम नेमके उलट्या टोकाने झालेले दिसते. १९३७च्या सुमारास त्याने लिहायला घेतलेला धातुकोश १९८७ साली छापला गेला. त्यात आधी आदिरूप येते आणि मग शाखांमध्ये त्याचे काय झाले ते. ‘गलदा’ म्हणजे झाड. क्वेन्या या शाखेत आरंभीचा ग गळाला, मधला स्वर बुडाला, उरले ‘अल्दा’. सिंदारिन या दुसऱ्या शाखेत ग टिकला, पण द घर्षक झाला आणि शेवटचा स्वर गेला: ‘गलध्’. दगडाचेही तसेच, ‘ओन्दो’ आणि ‘गोन्द’. टोल्किनच्या कथांमधल्या ‘गोंदोर’ राज्याच्या नावात हाच दगड आहे. बापाला एकीकडे ‘अतार’, दुसरीकडे ‘अदार’. दोन स्वरांमधला त सैल पडून द होणे आपल्याला परके नाही. संस्कृत ‘पिता’ शौरसेनीत ‘पिदा’ झाला तो याच वाटेने.

मला यातले मोलाचे वाटते ते हे, की इथे कोणतीच शाखा शुद्ध नाही. क्वेन्या जुनी आणि मानाची, तरी ग तिनेच गमावला. तो सिंदारिन या बोलीने सांभाळला. मूळ रूप हवे तर दोघींना साक्षीला बोलवावे लागते. म्हणूनच हे कुल खरे वाटते. वाचकाला ध्वनिनियम कुठे ठाऊक असतात, असा आक्षेप घेता येईल. नसतातच, पण नावांमधले नाते कानाला जाणवते, जसे न शिकताही गावांच्या नावांतले ‘वाडी’ आणि ‘वाडा’ आपण ओळखतो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: खऱ्या भाषा इतक्या नियमाने झिजत नाहीत, त्यांत सत्ता आणि शेजार शिरतात. टोल्किनने तेही शिरू दिले. सिंदारिन आधी समुद्रापलीकडून परतून आलेल्या नोल्दोर या एल्फ लोकांची भाषा होती; पुढे त्याने ती समुद्र न ओलांडलेल्या सिंदार लोकांना दिली, आणि त्यासाठी त्या लोकांचा इतिहासच नव्याने मांडला. कथेत नोल्दोरांनी आप्तांची हत्या केल्याचे कळताच सिंदारांचा राजा थिंगोल आपल्या राज्यात क्वेन्यावर बंदी घालतो. मग नोल्दोर रोजच्या व्यवहारात सिंदारिन बोलू लागतात आणि क्वेन्या विद्येपुरती, समारंभापुरती उरते.