रविवारचा रस्सा

मद्रास म्हटले की आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांसमोर इडली, सांबार आणि केळीच्या पानावरचा दहीभात उभा राहतो. बदली होऊन चेन्नईस येईपर्यंत माझीही समजूत याहून निराळी नव्हती. पहिल्याच रविवारी पहाटे कासिमेडूच्या मासळी-बंदरावरची गर्दी पाहिली, आणि ती समजूत तेथेच गळून पडली. 2014च्या नमुना नोंदणी पाहणीत तामिळनाडूतील पंधरा वर्षांवरील शंभर माणसांपैकी 97हून अधिक मांसाहारी आढळली. आपल्या महाराष्ट्रात हेच प्रमाण सुमारे 60 होते.

मग जेथे जवळजवळ सारेच मांसाहारी, तेथे गरिबाच्या आणि श्रीमंताच्या ताटांत भेद तो काय? भेद पुष्कळ आहे. कोणत्या जनावराचे मांस, त्याचा कोणता भाग, आठवड्यातील कोणत्या दिवशी आणि घरातील कोणासाठी, हे सारे मिळकत ठरविते. नोंदवहीत मात्र दोघांपुढेही ‘मांसाहारी’ हा एकच शब्द पडतो.

आमच्या कचेरीतील एका शिपायाचे घर पाच माणसांचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच्याकडे एक किलो कोंबडी येते, दुसऱ्या रविवारी अर्धा किलो; तिसऱ्या रविवारी अंड्यांचा रस्सा, आणि चौथ्या रविवारी करुवाडू, म्हणजे आपली सुकी मासळी. अर्धा किलोत पाच माणसे जेवावयाची, तर रस्सा वाढवावा लागतो. फोडी आधी मिळवत्या पुरुषाच्या आणि मुलांच्या पानात जातात. भांडे खरवडणारीच्या वाट्याला काय उरते, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही. सरकारी पाहण्या कुटुंबाचा खर्च मोजतात, पानांतील फोडी मोजत नाहीत, आणि तेवढ्यापुरते आमचे कोष्टक आंधळे राहते.

बकऱ्याचे मांस कोंबडीच्या तिपटीहून महाग, ते दिवाळीला. एरवी त्याच बकऱ्याची मुंडी, पाये, वजडी आणि रक्ती गरिबाच्या चुलीवर चढतात. उत्तर चेन्नईतील कष्टकरी वस्त्यांत बैला-म्हशीचे मांस बकऱ्याच्या निम्म्याहून कमी दरात मिळते. आपल्याकडेही ही कथा जुनीच आहे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (2015) या पुस्तकात मराठवाड्यातील दलित घरांच्या स्वयंपाकाची जी हकीकत लिहिली आहे, ती वाचावी. मांस वाळवून ‘चान्या’ करून ठेवण्याची युक्ती पोटातूनच सुचलेली दिसते.

कोंबडी स्वस्त झाली ती पल्लडमच्या परिसरातील कुक्कुटपालनामुळे. कंपनी शेतकऱ्यास पिले, खाद्य व औषधे पुरविते. तो शेड आणि श्रम देतो. सुमारे 40 दिवसांत दोन किलोंचा पक्षी तयार होतो. पूर्वी पाहुणा आला तरच कापली जाणारी कोंबडी अशी आठवड्याच्या बाजारात आली. बकऱ्याचे असे झाले नाही, कारण शेळी चाळीस दिवसांत वाढत नाही.

आता थोडे आकडे. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 साली दाखवून दिले की, मिळकत वाढते तसा अन्नावरील खर्चाचा हिस्सा घटतो. 2022-23च्या कुटुंब-खर्च पाहणीत भारतातील ग्रामीण माणसाचा दरमहा खर्च सरासरी 3773 रुपये होता, नागरी माणसाचा 6459. अंडी, मासळी आणि मांस यांचा हिस्सा खेड्यात 4.91 टक्के, शहरात 3.57. एवढेच ऐकून कोणी म्हणेल, खेडूतच अधिक मांस खातो! पण टक्क्यांचे रुपये करून पाहा: खेड्यात सुमारे 185, शहरात सुमारे 231. हिस्सा घटला, रक्कम वाढली. शिवाय ही सरासरी कधीच मांस न खाणाऱ्यांनाही धरून काढलेली.

मिळकत वाढण्याची वाट न पाहता ताटात प्रथिने घालण्याचा एक मार्ग तामिळनाडूने काढला, तो शाळेतील अंड्याचा. 1989 साली पंधरवड्यातून एक अंडे सुरू झाले. 1998 साली आठवड्यास एक, आणि 2010पासून शाळेच्या पाचही दिवशी. अंडे न खाणाऱ्या मुलास केळे. नामक्कलच्या कुक्कुटपालकांनाही त्यामुळे हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. महाराष्ट्रात 2023च्या नोव्हेंबरमध्ये आठवड्यास एक अंडे देण्याचे ठरले. 2025च्या जानेवारीत त्याचा सरकारी निधी थांबवून लोकवर्गणीचा मार्ग दाखविण्यात आला. ज्या गावी मुलांना अंड्याची गरज अधिक, तेथे वर्गणी जमणे अवघडच.

शिपायाची धाकटी मुलगी महानगरपालिकेच्या शाळेत आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागली की तिचे अंडे बंद होते. नेमक्या त्याच सुमारास, 15 एप्रिल ते 14 जून, यांत्रिक नौकांना समुद्रात जाण्याची बंदी असते आणि ताजी मासळी महागते. ते दोन महिने त्या घरात चारही रविवार करुवाडूचे असतात.