मैलागाळाचा वीस वर्षांचा हिशेब

वाळवण वाफ्यावर पसरलेल्या मैलागाळाचं पाणी खालच्या वाळूतून झिरपून जातं, वरचा थर काळपट होऊन भेगाळतो आणि फावडं लावलं की ढपल्याढपल्यांनी सुटतो. तोवर वासही बराच मरतो. ढपली हातात चुरली तर शेणखतच वाटावं. वाई, सिन्नरला मैलागाळ प्रक्रिया केंद्रं झाली. नेवाशासारख्या गावापुढेही सुकलेला गाळ टाकायचा कुठे हा प्रश्न येणारच. त्यावर सहज सुचणारं उत्तर असं: शेतात नको, माळावरच्या झाडांना घाला, तिथलं कोण खातंय? मला याच उत्तराची धास्ती वाटते. गाळातलं नत्र काही वर्षांत संपतं, सेंद्रिय कर्बही जळून जातो; जस्त, तांबं, कॅडमियम मात्र तिथंच राहतात. इंग्लंडमध्ये वोबर्नच्या प्रयोगक्षेत्रात १९४२ ते १९६१ या काळात गाळ घातला. तो थांबवून वीसेक वर्षं उलटल्यावरही तिथल्या क्लोव्हरच्या गाठींमधले जिवाणू नत्र धरत नव्हते.

खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी कॅडमियमची मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम आहे; गाळालाही तीच लावली असं धरू. ही मर्यादा पोत्यातल्या मालाची. जमिनीत एकूण किती साचलं, ते ती विचारत नाही. मर्यादेला टेकलेला माल हेक्टरी १० टन दरवर्षी घातला, तर वीस वर्षांत एक किलो कॅडमियम जमिनीत जातं. वरच्या १५ सेंटिमीटरची माती साधारण २० लाख किलो धरली, तर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम वाढ झाली. मुरमाड माळावर एवढी माती नसतेच; तिथं हा आकडा आणखी चढतो.

यावर कुणी म्हणेल, आपली जमीन चुनखडीची, सामू आठच्या पुढे, धातू बांधलेलेच राहतात. जस्त-कॅडमियमपुरतं हे बऱ्याच अंशी खरं आहे. उलट जस्ताची कमतरता असलेल्या आपल्या जमिनींना एखादा हात फायद्याचाच ठरेल. पण बांधलेला धातू म्हणजे गेलेला धातू नव्हे, आणि मॉलिब्डेनम तर चढ्या सामूत जास्तच मोकळं होतं. शिवाय वनात नांगर फिरत नाही, पीक निघत नाही; झाडानं उचललेलं पाल्यावाटे पुन्हा वरच्याच थरात येतं आणि तिथंच शेळ्या-मेंढ्या चरतात. म्हणून गाळ पसरण्याआधी त्या गटाची माती तपासावी, नेवाशाला तर राहुरीचं कृषी विद्यापीठ शेजारीच आहे, आणि दर खेपेचे टन व धातू गट नंबरापुढे लिहून ठेवावेत.