रात्री घट्ट, दुपारी सैल

फ्रान्समधून आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर जाणारी नेहमीची वाट एका नाळेला, म्हणजे डोंगरउतारावरच्या घळीला, आडवी छेदून जाते. अलीकडे ३१६७ मीटरवर तेत रूसचा निवारा, पलीकडे वर ३८३५ मीटरवर गुतेचा निवारा आणि मधे ही गुतेची नाळ. रुंदी जेमतेम शंभर मीटर. सपाटीवर एवढं अंतर आपण बोलता बोलता चालून जातो. इथे मात्र आजवर अनेक गिर्यारोहकांचे जीव गेले आहेत, कारण वरून दगड येतात. आणि हे दगड वेळ पाहून येतात! सकाळी कमी, दुपारनंतर संध्याकाळपर्यंत जास्त. उतार तोच, खडक तोच. मग काही तासांत असं काय बदलतं?

आधी हे पाहू, की एवढा अभेद्य कातळ फुटतो तरी कसा? पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि खडक फोडतं, हे आपण शाळेत शिकलो. ते खरंच आहे, पण अर्धंच. १९३०च्या सुमारास स्टीफन टेबर या अमेरिकी भूवैज्ञानिकाने मातीत पाण्याऐवजी बेंझीन घालून ती गोठवली. बेंझीन गोठताना आक्रसतं. माती खाली बसायला हवी होती. ती वर उचलली गेली!

म्हणजे काम नुसत्या फुगण्याचं नाही, ओढण्याचंही आहे. शून्याच्या खाली काही अंश गेल्यावरही बर्फ आणि खडक यांच्यामध्ये पाण्याचा एक अतिसूक्ष्म थर द्रवच राहतो. दिव्याची वात तेल वर ओढते, तसं या थरातून आसपासचं पाणी बर्फाकडे खेचलं जातं. भेगेतली बर्फाची चकती जाड होत जाते, भेग रुंदावत जाते. आवाज नाही, स्फोट नाही, आणि डोंगर चिरतो.

त्याहून नवल पुढेच आहे. जो बर्फ खडक फोडतो, तोच फुटलेले तुकडे जागच्या जागी धरूनही ठेवतो. आल्प्सचे उंच कडे आतून वर्षानुवर्षं गोठलेले असतात. अनेक ठिकाणी कडा उभा आहे तो त्या बर्फाच्याच जोरावर. २००३च्या युरोपातल्या भीषण उन्हाळ्यात मॅटरहॉर्नचा एक भाग कोसळला, तेव्हा उघड्या पडलेल्या खडकात चक्क बर्फ दिसला. वर अडकलेल्या गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने उतरवावं लागलं. २००५ मध्ये द्रू शिखराचा प्रसिद्ध बोनाती स्तंभ ढासळला. ऑगस्ट २०२२ मध्ये तर उष्णतेमुळे इतके दगड सुटू लागले, की तेत रूस आणि गुते हे दोन्ही निवारे बंद करण्यात आले.

आता रात्रीची करामत पाहा. हवा शून्याच्या वर असतानाही निरभ्र रात्री हिमाचा पृष्ठभाग गोठतो. कसा? आपल्या डोळ्यांना हिम पांढरंशुभ्र दिसतं, पण उष्णतेच्या अदृश्य किरणांच्या बाबतीत ते जवळजवळ काळं असतं. म्हणजे स्वतःची उष्णता आकाशाकडे फेकण्यात अतिशय तरबेज! म्हणून पहाटे क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटांखाली बांधायच्या दातेरी चौकटीचे, दाते टणक हिमात घट्ट रुततात आणि सुटे दगड जागेवर थिजलेले असतात. ऊन चढलं की हिम वितळतं, पाणी भेगांत झिरपतं आणि पकड सुटते. गिर्यारोहक मध्यरात्रीनंतर, अंधारात निघतात ते यासाठीच.

आणि गटाने जायचं तर? धोका वरच्या डोंगराचा असतो तसाच पुढच्या माणसाच्या पायाचाही. तुमच्या मीटरभर वरून सुटलेला दगड तुमच्यापर्यंत ताशी साधारण १६ किलोमीटर वेगाने येईल. तोच ३० मीटर सरळ खाली पडला तर वेग ताशी ८७ किलोमीटर, आणि तडाख्याची ऊर्जा तीसपट! म्हणून अरुंद, सैल नाळेत गट एकमेकांना बिलगून चढतो, म्हणजे निसटलेला दगड वेग घेण्याआधीच कुणीतरी अडवतो. रुंद उतारावर सगळे नागमोडी जातात आणि वळणावर थांबून एकत्र होतात, म्हणजे कुणाच्या डोक्यावर कुणी येत नाही. गुतेच्या नाळेत मात्र थांबणंच धोक्याचं. तिथे एकजण काठावर वर नजर लावून उभा राहतो, दुसरा झटपट पार होतो. भीती आणि भौतिकशास्त्र यांनी मिळून घडवलेली ही शिस्त मला फार सुंदर वाटते.

सह्याद्रीत हिम नाही, पण घसारा, म्हणजे सैल दगडमातीचा उतार, आहे, आणि सुटलेला दगड तिथेही याच हिशेबाने वेग घेतो. तेव्हा पुढच्या वेळी नाळेतून उतरताना डोक्यावर हेल्मेट ठेवा, पुढच्या-मागच्या माणसाला फार लांब जाऊ देऊ नका, आणि पायाखालून खडा जरी निसटला तरी ‘दगड!’ असं खणखणीत ओरडा.