बाळाची वेळ आणि घड्याळाची वेळ

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या परिसरांतून लसीकरणासाठी वा तपासणीसाठी बाळाला घेऊन येणाऱ्या कुटुंबांकडून आमच्या बालरोग विभागात एक प्रश्न वारंवार विचारला जातो : बाळाचे दूध, झोप, स्नान यांच्या वेळा काटेकोरपणे ठरवून द्याव्यात, की बाळ मागेल तसे वागावे? प्रश्न एक असला तरी घरात उत्तरे अनेक असतात. कोठे आई तक्ता लावू इच्छिते आणि सासूबाईंना तो बाळावरील अन्याय वाटतो. कोठे आजीच ‘तीन तास झाल्याखेरीज पदराला घेऊ नकोस’ असे बजावतात. या ओढाताणीत गोंधळलेली आई ‘आपले दूधच पुरत नसावे’ असे मानून वरच्या दुधाकडे वळते. म्हणून या विषयाचे थोडे विवेचन येथे करीत आहोत.

मतभेदाचे मूळ

घड्याळाचा आग्रह हा आजचा नाही. न्यूझीलंडमधील डॉ. ट्रुबी किंग यांनी १९०७ साली स्थापन केलेल्या माता-बाल संस्थेने दर चार तासांनी दूध व रात्री दूध नाही, असा दंडक घातला आणि ब्रिटिश साम्राज्यात तो दूरवर पोहोचला. पुढे १९४६ साली अमेरिकेतील डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या ग्रंथाने मातांना स्वतःच्या अंतःप्रेरणेवर विश्वास ठेवण्यास सांगितले. एकाच घरातील दोन पिढ्यांना दोन भिन्न सल्ले मिळालेले असतात, ते असे. दोघींनीही ते बाळाच्या हितासाठीच जपलेले असतात.

आपल्या गिरणगावात तर तिसरेच घड्याळ होते : गिरणीचा भोंगा. पाळीवर गेलेल्या आईचे तान्हे झोपून राहावे म्हणून ‘बाळगोळी’ या नावाने अफू दिली जाई. गिरणी कामगार स्त्रियांच्या पाहणीत डॉ. बार्न्स यांनी १९२२ साली त्याची नोंद केली. मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला. बाळाचा दिनक्रम केवळ पालकांच्या मतावर ठरत नाही. आईला किती सवड आहे यावरही तो ठरतो, हे या इतिहासातून दिसते.

पहिले सहा महिने

या काळात नेतृत्व बाळाकडे असावे. नवजात अर्भकाचे जठर लहान असते आणि आईचे दूध लवकर पचते; त्यामुळे चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावे लागणे स्वाभाविक आहे. स्तन जितके रिकामे होतात तितके दूध अधिक तयार होते. ठरावीक वेळेपर्यंत बाळाला ताटकळत ठेवल्यास दूध घटते आणि ‘दूध पुरत नाही’ ही शंका खरी ठरू लागते. तोंड वळवून शोधणे, मूठ चोखणे ही भुकेची पहिली चिन्हे. रडणे हे उशिराचे. दिवस-रात्रीचा भेदही जन्मतः नसतो. तो साधारणतः दोन ते चार महिन्यांत हळूहळू रुजतो.

याला अपवाद आहे. अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे किंवा कावीळ झालेले बाळ सुस्त असते व मागत नाही. त्याला डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी जागे करून पाजणे हा उपचाराचाच भाग होय.

पुरेसे दूध मिळते का, हे घड्याळावरून नव्हे, बाळावरून ओळखावे. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी होणे, साधारण दोन आठवड्यांत जन्माचे वजन परत येणे व पुढे ते वाढत राहणे, हे तीन निकष पुरेसे आहेत. सहा महिन्यांपर्यंत पाणी, गुटी, मध काहीही देऊ नये. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको.

सहा महिन्यांनंतर

आता नियमितपणाचे महत्त्व वाढते. स्तनपान चालू ठेवून मऊ वरणभात, नाचणीची खीर असे घरचे अन्न प्रथम दिवसातून दोन-तीन वेळा व नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा द्यावे. दिवसभर बिस्किटे हातात दिल्यास जेवणाची भूक मरते. म्हणून खाण्याच्या वेळा ठरलेल्या बऱ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दुपारच्या झोपेसह चार ते अकरा महिन्यांच्या बाळास १२ ते १६ तास व एक-दोन वर्षांच्या मुलास ११ ते १४ तास झोप हवी.

तथापि मुलाला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो. जेवण, अंग पुसणे, मंद दिवा, अंगाई हा क्रम रोज सारखा असला, तर अर्धा-पाऊण तास मागेपुढे झाल्याने बिघडत नाही. चाळीतील एका खोलीत सर्वांचे जेवण, अभ्यास आणि दूरदर्शन चालते, पहाटे नळाला पाणी येते तेव्हा घर जागे होते. तेथे पुस्तकातील तक्ता जसाच्या तसा उतरणार नाही. गणेशोत्सवात लालबागेत दहा दिवस झोपेच्या वेळा मोडणारच. नंतर जुना क्रम शांतपणे पुन्हा सुरू करावा.

मुलाला रडत ठेवून झोपेची सवय लावावी का, असेही विचारले जाते. ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात झोपेची सवय शिस्तीने, पण हळूहळू लावलेल्या सहा महिन्यांवरील मुलांना पुढे पाच वर्षे पाहिले गेले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कायमचा अपायही दिसला नाही आणि कायमचा लाभही नाही. म्हणून ज्यांना ते जमते त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. ज्यांना जमत नाही त्यांनीही नाही. लहान अर्भकाच्या बाबतीत मात्र हा मार्ग वर्ज्य समजावा.

घरातील एकमत

आई कामावर परतल्यावर बाळ आजीकडे वा पाळणाघरात असते. २०१७ च्या दुरुस्तीने पात्र नोकरदार मातांना पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते, तसेच पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आहे. रजा संपण्यापूर्वीच बाळ काय खाते, केव्हा झोपते, काय केल्याने शांत होते, हे सांभाळणाऱ्या व्यक्तीला सविस्तर सांगावे. मतभेद झालाच, तर ‘कोण बरोबर’ यापेक्षा ‘वजन वाढते आहे का’ हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर वजनकाटा देतो आणि त्यात कोणाचाही मान दुखावत नाही.

लघवी कमी होणे, टाळू खोल जाणे, बाळ सुस्त होऊन दूध न ओढणे, यांपैकी काहीही दिसल्यास वेळापत्रकाचा विचार न करता तत्काळ रुग्णालयात यावे. एरवीच्या तपासणीस शक्य तो आई-वडील व आजी यांनी मिळून यावे, अशी आमची विनंती आहे. एकच सल्ला सर्वांनी एकत्र ऐकला, तर बाळाला दोन घड्याळांत अडकावे लागत नाही.